अप्पांचा होकार

त्या वर्षी कोल्हापुरात मेलेल्या माणसांची घरं बदलायचा हंगाम लागला होता. अर्ध्या जिल्ह्याचे पूर्वज जिच्या गोदामात ठेवलेले होते त्या ‘चिरायू’ कंपनीने आपण दिवाळीनंतर गाशा गुंडाळणार असल्याचं जाहीर केलं आणि एकच धांदल उडाली. लोक आपापल्या आजोबांना, सासूबाईंना, अवेळी गेलेल्या बहिणीला न्यायला येऊ लागले. ज्यांना न्यायला कुणी येणार नव्हतं ते पुसले जाणार होते. सासऱ्याला कुणी ठेवून घ्यायचं यावरून दोन जावांची कंपनीच्या दारातच जुंपली, तेव्हा तिथला रखवालदार म्हणाला, की जिवंतपणी तरी वेगळं काय असतं!

न्यायचं म्हणजे नेमकं काय, ते सांगायला हवं. माणूस हिंडता-फिरता असतानाच त्याला एका खुर्चीत बसवत, डोक्यावर टोप चढवत आणि त्याच्या मेंदूची त्या घटकेची सगळी घडण उतरवून घेत. आठवणी, सवयी, राग, लोभ, सगळं. या उतरवलेल्या घडणीला मनप्रत म्हणत. मनप्रत नुसती ठेवलेली असते तेव्हा बियाण्यासारखी निपचित असते. तिला ना तहान ना विचार. तिला जागं करायला आभासी यंत्र लागतं. आभासी यंत्र म्हणजे यंत्राच्या पोटातलं यंत्र. एका इमारतीत दहा बिऱ्हाडं असावीत आणि दर बिऱ्हाडाला वाटावं की आख्खी इमारत आपलीच, तशी एका संगणकात अशी कितीतरी यंत्रं एकमेकांना पत्ता न लागू देता नांदतात. त्यातल्या एकात मनप्रत ओतली, की माणूस जिथे थांबला होता तिथून पुढे चालू लागतो. पूर्वी ही बिऱ्हाडं कंपन्यांच्या इमारतींत भाड्याने असत. आता ज्याची त्याची स्वतःची इमारत झाली होती: जिन्याखाली मावेल असं, फ्रिजएवढं, मंद घुमणारं कपाट. त्याला लोक घरमेघ म्हणत.

शर्वरी म्हेत्रे लोकांच्या घरमेघांत मनप्रती जागवून द्यायचं काम करायची. तिच्या धंद्यातला पहिला नियम असा, की जी प्रत कधी जागवून पाहिली नाही ती प्रतच नव्हे. बरणी उघडून चाखल्याशिवाय लोणचं टिकलं असं कुणी म्हणतं का? म्हणून खऱ्या जागवणीआधी चाचणी करत. बाहेरच्या जगाशी कसलाही संबंध नसलेल्या एका बंद यंत्रात ती प्रत थोडा वेळ चालवायची. घड्याळ प्रत घेतली त्या दिवसावरच ठेवायचं, म्हणजे आतल्या माणसाला वाटतं की आपण अजून त्या खुर्चीतच बसलोय. तीन साधे प्रश्न विचारायचे: नाव काय, सकाळी काय खाल्लंत, इथे कुणाबरोबर आलात. उत्तरं नीट आली, आवाज आणि नजर जुळली, की यंत्र पुसून टाकायचं. मूळ प्रत गोदामात शाबूत असल्यामुळे त्या माणसाला यातलं काहीच कधी कळत नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की घाटावरची मंडळी मोकळा श्वास घेतात, तसं चाचणीत पहिलं उत्तर आलं, की जागवणारी मंडळी आपसात म्हणत, “कावळा शिवला.” शर्वरीही म्हणायची. या धंद्यात माणसं पुसावी लागतात, आणि पुसणाऱ्याला काहीतरी थट्टा लागतेच.

खऱ्या जागवणीचा कायदा मात्र कडक होता. जागवलेल्या माणसाला पहिल्याच बैठकीत सगळं खरं सांगायचं, तो मेला आहे हेसुद्धा. मग विचारायचं: राहायचं आहे का? हो म्हणाला तर तो राहिला. नाही म्हणाला तर यंत्र पुसायचं, मूळ प्रतही नष्ट करायची आणि त्याला पुन्हा कधी उठवायचं नाही. याला प्रथमहोकार म्हणत. चाचणीत कुणी काही बोललं तरी ते धरलं जात नसे, कारण कायद्याच्या लेखी चाचणीतला माणूस जागा झालेलाच नसतो.

हे सगळं शर्वरी लोकांना फार समजुतीने सांगायची. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, तिच्या स्वतःच्या वडलांची, अप्पांची मनप्रत ते गेल्यापासून वर्षभर गोदामात पडून होती.

* * *

श्रावण सरत आला तशी गडहिंग्लजहून विजूआत्या आली. विजूआत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण. आली ती चपला काढता काढताच बोलायला लागली.

“मला एक साधं सांग. नंदूला तू आणणार हाईस का न्हाईस?”

“आणायचं तर आहे गं. पण...”

“पण काय? आणि मी काय म्हणतो, तो आला तर आमचा नंदूच असणार ना? का नुसता बोलणारा फोटो?” तिकडच्या जुन्या बायकांसारखी आत्या स्वतःविषयी ‘मी म्हणतो, मी जातो’ असंच बोलायची.

शर्वरीने तिला बसवलं, पाणी दिलं. “फोटो नाही, आत्या. फोटोला काही विचारलं तर तो तुझ्यावर डाफरतो काय? अप्पा डाफरतील. तुझा त्यांना जो राग येतो तोच येईल, लाड करतात तेच करतील. फक्त ते प्रत घेतली त्या दिवसापर्यंतचे अप्पा असतील. त्यानंतरचं त्यांना काहीच ठाऊक नसणार.”

“म्हंजे कधीपर्यंतचं?”

“आई गेली त्याच्या आधीच्या गणपतीपर्यंतचं.”

आत्याने भांडं खाली ठेवलं. “म्हंजे वहिनी गेली, हे त्याला...”

“माहीत नाही. मला सांगावं लागणार.”

“आणि वहिनीची ती प्रत का काय ती?”

“आईची नाही. तिने घेऊच दिली नाही. एक जन्म पुरे की, म्हणायची. अप्पांना खुर्चीत बसवायला यायची आणि स्वतः बाहेर बाकड्यावर बसून राहायची.”

अप्पांचं आणि आईचं मंगळवार पेठेत मसाला कांडप होतं. आई मिरच्या, धणे, खोबरं भाजून द्यायची आणि अप्पा कांडपयंत्रावर उभे राहायचे. उन्हाळ्याचे दोन महिने अख्खी पेठ त्यांच्या दारात शिंकत उभी असे. दोघं सकाळपासून रात्रीपर्यंत एकमेकांच्या समोर असायची आणि बोलायची फार थोडं. यंत्राच्या आवाजात बोलून उपयोगही नव्हता. नुसत्या हाताच्या खुणा चालायच्या. आई एकाएकी तापाने गेली, आणि अप्पांनी यंत्र पुन्हा चालू केलं नाही. नवीन प्रत घेण्याची आठवण कंपनीने करून दिली, तेव्हा शर्वरी म्हणाली, “चला अप्पा, बसून येऊ.” ते म्हणाले, “कशाला गं? आत्ताचा मी जपून ठेवण्यासारखा राहिलेलो नाही.” पुढच्या वर्षी झोपेतच गेले.

शर्वरीचं लग्न मोडलं आणि ती परत आली, तेव्हा अप्पांनी तिला एक अक्षर विचारलं नव्हतं. नुसता वरच्या खोलीत नवा पंखा बसवून घेतला होता. त्या घरात आता ती एकटी होती. कुणीतरी आपल्याला काही न विचारता आपलं बघावं, एवढीच तिची भूक होती, आणि ती भागवणारा माणूस तिच्याच धंद्याच्या गोदामात निजलेला होता.

हे काही ती आत्याला बोलली नाही. पण आत्याला कळायचं ते कळलं असावं. निघताना ती म्हणाली, “हे बघ शरू, मलापण तो हवाय. माझं तरी आता कोण राहिलंय? पण त्याला एकदा नीट विचार. राहतो म्हणाला तर सोनं. न्हाई म्हणाला तर सोडून दे. बळंच ठेवू नकोस.”

“एकदाच विचारीन,” शर्वरी म्हणाली. म्हणताना तिला तसंच वाटत होतं.

* * *

जिन्याखालचा घरमेघ तिने स्वतःच बसवला. जुन्या कंपनीच्या यंत्रासाठी केलेली प्रत नव्या यंत्रात आणताना तिचे कान-डोळे नव्याने जोडावे लागतात, त्यात दोन-चार चाचण्या जातातच. पहिली चाचणी तिने एका दुपारी लावली. पडद्यावर अप्पांचा चेहरा आला, कपाळावर टोपाचा वळ असलेला.

“नाव सांगा.”

“नंदकुमार बाबूराव म्हेत्रे. तुला ठाऊक न्हाई होय?”

“सकाळी काय खाल्लंत?”

“थालपीठ. तुझ्या आईनं मीठ जास्त टाकलं, पण बोललो न्हाई मी.”

“इथे कुणाबरोबर आलात?”

“सुरेखाबरोबर. बाहेर बाकड्यावर बसलीय बघ. कंटाळली असंल. झालंच म्हणून सांग तिला.”

इथे यंत्र बंद करायचं होतं. रोज दहा घरांत ती इथेच बंद करायची. पण अप्पा दाराकडे बघत होते, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “अप्पा, आई बाहेर नाही.”

मग थांबता आलं नाही. आई गेली, तेही सांगितलं. नंतर तुम्हीही गेलात, तेही सांगितलं. अप्पा अगदी साध्या आवाजात म्हणाले, “मग मला कशाला उठवलंस पोरी? निजू दे की.”

शर्वरीने यंत्र पुसलं आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. हा नकार होता. ज्याच्यापुढे काही उरत नाही असा नकार. पण तो चाचणीतला होता आणि चाचणीतला नकार धरला जात नाही. तिने स्वतःला बजावलं, की चूक आपली झाली, एवढी मोठी बातमी आपण धाडकन सांगितली. वाईट बातमी सांगायचीही एक रीत असते. कार्यालयाला तिने कळवलं: आवाजात दोष, चाचणी पुन्हा घ्यावी लागेल.

दुसऱ्यांदा तिने हळूहळू सांगितलं. आधी ताप, मग दवाखाना, मग शेवटचा दिवस. अप्पांनी सगळं ऐकलं, फार हाल झाले काय तिचे, एवढं विचारलं, आणि नको म्हणाले. मग एकदा तिने गळ घातली, “माझ्यासाठी राहा, अप्पा.” ते हसले. “तू आता मोठी झालीस. मी काय जन्मभर पुरणार होतो?” एकदा ते चिडले. एकदा रडले. अप्पांना रडताना तिने जन्मात पाहिलं नव्हतं. पाहिलं ते या बंद यंत्रात, आणि मग तेही पुसलं. दर वेळी ते पुन्हा त्याच सकाळचे, थालपीठ खाऊन आलेले, बाहेर बसलेल्या बायकोला झालंच म्हणून सांगायला लावणारे अप्पा असत. दर वेळी त्यांची बायको नव्याने मरत होती.

इथे या विद्येतली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच उभं आहे. आपण जगताना कुणाशीही कुठलंही बोलणं एकदाच बोलतो. वेगळ्या शब्दांत बोललो असतो तर काय झालं असतं, हे आपल्याला कधीच कळत नाही. म्हणून आपल्याला वाटतं, की माणसाच्या मनात एक ठरलेलं उत्तर असतं आणि विचारलं की ते बाहेर येतं. तसं नसतं. तीच मनप्रत, तोच क्षण, तोच प्रश्न, आणि बदललेले फक्त आपले शब्द. एवढ्यानं उत्तर बदलू शकतं. ज्याच्या हाती तोच क्षण पुन्हा पुन्हा सुरू करण्याची सोय आहे, त्याला कुठल्याही माणसाकडून जवळजवळ कुठलंही उत्तर मिळवता येतं. वेळ लागतो, इतकंच. शर्वरी रोज हे काम करत होती, पण चाचणीत तिने आजवर कुणाला तीन प्रश्नांपलीकडे विचारलं नव्हतं, त्यामुळे हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आता आलं. आणि खरं सांगायचं तर तिला त्याचा आनंदच झाला.

आईच्या दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर कावळा शिवेना, तेव्हा मंडळींनी एकेक आश्वासन देऊन पाहिलं होतं. भांडी विकणार नाही म्हणून झालं, वर्षश्राद्ध थाटात करू म्हणून झालं. शेवटी विजूआत्या म्हणाली, नंदूला उपाशी ठेवणार न्हाई गं वहिनी, आणि कावळा उतरला. शर्वरीला वाटलं, आपण तेच तर करतोय, एकेक बोलून बघतोय. तेवढ्यावर तिने मनाची समजूत घातली. पण घाटावरची माणसं गेलेल्याला काय हवंय ते शोधत असतात. शर्वरी आपल्याला जे हवंय ते गेलेल्याच्या तोंडून कसं निघेल, ते शोधत होती. हा फरक तिला कळत नव्हता असं नाही. तिने त्याच्याकडे पाठ केली होती.

आणि एके दिवशी सापडलं. त्या दिवशी ती काही बोलण्याआधीच अप्पांना तिच्या चेहऱ्यावरून संशय आला. “काय झालं गं? मला काय झालंय काय?” तिच्याकडे दुसरा मार्गच उरला नाही; आधी त्यांचं स्वतःचं मरण सांगावं लागलं.

अप्पा घाबरेघुबरे झाले. स्वतःसाठी नव्हे. “आणि सुरेखा? ती एकटी पडली असंल. तिला यंत्रातलं काय कळत न्हाई, गिऱ्हाईक फसवतील तिला. कुठंय ती?”

“आई तुमच्याआधीच गेली, अप्पा. वर्षभर आधी.”

अप्पांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. “म्हंजे माझं मरण तिला बघावं लागलं न्हाई,” ते म्हणाले. “बरं झालं. लई बरं झालं.” चेहरा असा निवळला, की शर्वरीने न राहवून तिथेच विचारलं, “राहाल का अप्पा?”

“राहतो की,” अप्पा म्हणाले.

तीच हकिगत, तीच दोन मरणं, एकही शब्द खोटा नाही. फक्त क्रम उलटा. शर्वरीने खात्रीसाठी तेच पुन्हा करून पाहिलं, आणि या खेपेला विचारण्याआधी जरा थांबली. तेवढ्यात तो सुटकेचा भर ओसरला आणि बायको गेल्याचं दुःख वर आलं. अप्पा नको म्हणाले. तिने पुन्हा करून पाहिलं, न थांबता. हो म्हणाले. असं पुढेमागे करून तिने श्वास सोडण्यापासून प्रश्नापर्यंत किती अंतर ठेवायचं ते बसवलं. कुलूप उघडेपर्यंत किल्ली हलवून बघावी तसं.

* * *

मुजावरसाहेब तिचे वरिष्ठ. निवृत्तीला टेकलेले, कमी बोलणारे. एका दुपारी चहाचा कप घेऊन ते तिच्या टेबलापाशी येऊन बसले.

“म्हेत्रे मॅडम, वडलांच्या आवाजात दोष आहे, असं तुम्ही सारखं कळवताय.”

“हो सर.”

“पहिल्या उत्तराचा नमुना आमच्याकडे येतो. मी ऐकला. आवाज स्वच्छ आहे. कडक माणूस दिसतो.”

शर्वरीने समोरची नोंदवही मिटली.

“माझ्या अम्मीच्या वेळी मीही एक जादा चाचणी केली होती,” साहेब म्हणाले. “तिने नुसतं नाव सांगावं, एवढ्यासाठी. नंतर पुसायला गेलो तर हात चालेना. शेवटी दुसऱ्याला बोलावून पुसून घेतलं. तुमचा चालतो का?”

“चालतो, सर.”

आपलंच उत्तर ऐकून ती चपापली. साहेबांनी कप उचलला. “मग आता थांबा. हात चालायला लागला, की थांबावं माणसानं.” त्यांनी वर काही कळवलं नाही. कळवलं असतं तर बरं झालं असतं, असं शर्वरीला पुढे कितीदा तरी वाटलं.

ती थांबली. थांबायला आता हरकत नव्हती. हवं ते हाती आलं होतं.

* * *

खरी जागवणी दसऱ्याच्या सकाळी झाली. आत्या नवं लुगडं नेसून पडद्यासमोर बसली होती. शर्वरीने आईचा फोटो आधीच आतल्या खोलीत ठेवला होता, कारण फोटोला घातलेला हार अप्पांना आधी दिसला असता आणि क्रम बिघडला असता. घड्याळ आजच्या तारखेला लावलं. अप्पांनी डोळे उघडले, बहिणीला पाहून म्हणाले, “तू कधी आलीस गं?” आणि मग सगळं जसंच्या तसं घडत गेलं. घाबरणं, सुरेखाचं विचारणं, आई तुमच्याआधीच गेली, मिटलेले डोळे, सोडलेला श्वास, बरं झालं, लई बरं झालं.

“राहाल का अप्पा?”

“राहतो की.”

यंत्राने होकार नोंदवला. आत्या पदराने डोळे पुसत म्हणाली, “बघ, किती समजूतदार माझा भाऊ. उगंच भीत होतीस.” शर्वरीलाही रडू आलं. ते आनंदाचं आहे असं आत्याला वाटलं, आणि थोडं आनंदाचं होतंही. पण कुणीतरी आपल्याला हवं ते बोलावं आणि ते ऐकताना आपण मनात शब्द मोजत असावं, याच्याइतकं एकटं दुसरं काही नसेल. अप्पा परत आले होते, आणि त्यांच्या तोंडचा एकही शब्द तिला नवा नव्हता.

दुःख त्यांना दुसऱ्या दिवशी गाठायचं ते गाठलंच. त्यांनी आईच्या तापाचं विचारलं, दवाखान्याचं विचारलं, शेवटी काही बोलली काय ते विचारलं. मग दोन-तीन आठवडे बोललेच नाहीत. हळूहळू सावरले. आत्याशी रोज संध्याकाळी फोनवर गप्पा सुरू झाल्या. खालचं कांडप शर्वरीने एका जोडप्याला चालवायला दिलं होतं. यंत्राचा ठोका ऐकून अप्पा वरूनच म्हणत, पट्टा सैल झालाय बघ त्यांचा. एकदा खालून मिरचीचा खाट उठला, शर्वरी खोकून खोकून बेजार झाली, आणि अप्पा नुसते बघत राहिले. “मला ठसका लागत न्हाई आता,” ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही. नवी गोष्ट ध्यानात आल्यासारखं.

ते शर्वरीचं बघायचे, अगदी पूर्वीसारखं, काही न विचारता. ती उशिरा आली तर घरमेघातूनच जिन्यातला दिवा लावून ठेवायचे. तिला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. रात्री अंथरुणावर पडली, की मात्र तिला नको म्हणालेले अप्पा आठवत. निजू दे म्हणालेले, चिडलेले, रडलेले. ते कितीतरी होते आणि त्या सगळ्यांचं एकमत होतं. त्या सगळ्यांना तिने पुसलं होतं आणि हो म्हणाला तेवढा एक ठेवून घेतला होता.

हिवाळ्यातल्या एका रविवारी दुपारी ती वाटाणे सोलत बसली होती. अप्पा म्हणाले, “शरू, एक विचारू काय?”

“विचारा की.”

“त्या दिवशी मी न्हाई म्हटलं असतं तर?”

“तर नाही. कायदाच आहे तसा, अप्पा.”

“कायद्याचं सोड. तू ऐकलं असतंस?”

“ऐकलं असतं.”

“मग बरं.” अप्पा हसल्यासारखे झाले. “खरं सांगतो, घाईत बोलून गेलो मी. सुरेखाला मागं एकटीला टाकून आलो न्हाई, याचंच इतकं बरं वाटलं, की तू काय विचारतीयास तिकडं ध्यानच नव्हतं. दुसऱ्या दिवशी उमगलं, की अरे, आपण काय म्हणून बसलो. पण आता काय त्याचं? तू विचारलंस, मी हो म्हटलं. दिला शब्द.”

शर्वरीने आणखी एक शेंग सोलली.

“तुझी आई असती तर म्हणाली असती,” अप्पा पुढे म्हणाले, “की यांना परत विचार गं, हे घाईत काहीपण बोलतात. मी म्हटलं असतं, अगं, पोरगी काय सारखं सारखं विचारत बसणार हाय होय?”

खाली कांडपाचा ठोका चालू होता. जागवलेल्या माणसाला पुन्हा विचारू नये, असं कायद्यात कुठे नव्हतं. घरमेघ तिचा, घर तिचं. राहाल का, हे दोन शब्द इकडचे तिकडे करून तिने इतक्या वेळा विचारलं होतं, की झोपेतही विचारता आलं असतं. आता फक्त एकदा विचारायचं होतं, सावकाश, उत्तराची घाई न करता. पहिल्यांदाच ते विचारणं अप्पांसाठी झालं असतं. आणि उत्तर काय येईल ते तिला माहीत होतं.

तिने वाटाण्यांची सालं गोळा केली आणि उठली. “चहा टाकते, अप्पा.”

“टाक,” अप्पा म्हणाले. “मी हायेच.”